नव्या टाकीचा वास

नेस्टर बोयचुकच्या शेडमधला खड्डा आता उरलेला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात त्याने तो खडीने भरला आणि वरून फळ्या ठोकल्या. गाडीखाली उतरून काम करायची सोय गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी तो पाठीवर सरपटत गाड्यांखाली जाऊ लागला.

"पाठ जाईल रे," लोक म्हणत.

"जाऊ दे."

त्या खड्ड्यात ओस्टापचा जीव गेला होता. चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. दोघांनी आपापल्या जुन्या पिकअप गॅसवर चालवायचं ठरवलं, दोन कोऱ्या पोलादी टाक्या आणल्या. पहिली पाळी नेस्टरच्या गाडीची. टाकी बसली, गॅस भरला. खड्ड्याच्या काठावर ओस्टापने विचारलं होतं, "वास येतोय का?"

नेस्टरने वाकून हुंगलं. "नाही. उतर."

मग तो पाना आणायला बाहेर गेला. ओस्टापच्या हातातला दिवा फुटला असावा; खड्ड्यातला गॅस पेटला.

चौकशीच्या कागदावर लिहून आलं, की कोरी पोलादी टाकी पहिल्या भरण्यात गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला वास स्वतःच पिऊन टाकते. गळती होती, गॅस जड म्हणून खड्ड्यात साचला, पण हुंगायला काही नव्हतं. दोष कुणाचा नाही. 'उतर' हा शब्द कागदावर नव्हता. तो नेस्टरने कुणालाच सांगितला नव्हता.

तेव्हापासून त्याला सगळीकडे गॅसचा वास येई. चर्चच्या धुपात, धुतलेल्या चादरीत, उशीत. दोनदा त्याने रात्रीची उबदार चूल विझवली आणि गोठत बसला.

सहा जानेवारीला, त्यांच्या जुन्या पंचांगातल्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी, तो ओस्टापच्या बायकोकडे, स्टेफाकडे, जेवायला गेला. स्टेफाच्या मुलीचा तो धर्मपिता, म्हणून ती त्याला 'कुमे' म्हणे. त्या रात्री घरातले मेलेले जेवायला येतात. बसण्याआधी खुर्चीवर फुंकर मारायची, नाहीतर कुणाच्या तरी मांडीवर बसाल. सगळ्यांनी मारली आणि बसले. नेस्टर फुंकतच राहिला.

"कुमे, खुर्ची गार करतोयस का? सूप निवतंय." सगळे हसले.

तोही हसला. कोबीच्या गुंडाळ्यांना गॅसचा वास येत होता.

जेवणानंतर स्टेफा म्हणाली, "सोमवारपासून टपालाचा रस्ता माझ्याकडे आलाय. रोज दीडशे किलोमीटर. ओस्टापची गाडी गॅसवर करून दे."

"दुसऱ्याकडे ने."

"दुसरा आहे कुठे? टाकीपण तुझ्याच शेडजवळ पडलीय. खडूने त्याचं नाव लिहिलेली."

ती टाकी नेस्टरने शरद ऋतूतच भरून शेडबाहेर, उघड्या छपराखाली ठेवली होती. पोलादाला जेवढा वास प्यायचा तेवढा पिऊ दे, म्हणून. कशासाठी, ते त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

दोन दिवस तो शेडमध्ये राबला. बाहेर उणे एकतीस होतं, पण शेगडी पेटवली नाही. टाकी केबिनच्या मागे बोल्टांनी आवळली. तिथून इंजिनापर्यंत नळी ओढली. गॅसची वाफ करणाऱ्या डबीला रेडिएटरचं गरम पाणी जोडलं, नाहीतर या थंडीत ती बर्फाने गच्च झाली असती. कार्बोरेटरच्या डोक्यावर हवा आणि गॅस मिसळणारं भांडं बसवलं. प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावलं. ते गोठू नये म्हणून थर्मासमध्ये ठेवलं होतं. एकही बुडबुडा आला नाही.

वास मात्र येत होता. त्याने सगळे सांधे सोडले, परत आवळले, परत साबण लावला. बुडबुडा नाही. वास होताच.

रविवारी सकाळी स्टेफा आली. "झाली?"

"नाही."

"सगळं बसलेलं तर दिसतंय." ती टाकीजवळ वाकली. मग सरळ त्याच्याकडे बघून तिने विचारलं, "वास येतोय का?"

तेच शब्द. नेस्टर मागे सरकला. पायाखाली फळी करकरली.

"मला विचारू नकोस, स्टेफा. त्यानेही हेच विचारलं होतं. मी हुंगलं. मीच म्हणालो, नाही, उतर."

शेडच्या पत्र्यावरून बर्फाचा एक थर घसरून खाली पडला. स्टेफाने टाकीवरच्या खडूच्या अक्षरांकडे पाहिलं. ओस्टाप स्वतःचं नाव नेहमी वाकडं लिही.

"ब्रश कुठाय?" तिने विचारलं.

"मी केलंय सगळं."

"मी विचारलं, ब्रश कुठाय."

त्याने थर्मास उघडून दिला. तिने हातमोजे काढले. टाकीच्या झडपेपासून सुरुवात केली आणि एकेक सांधा करत इंजिनापर्यंत आली. प्रत्येक ठिकाणी ती मनातल्या मनात काहीतरी मोजत थांबे. तो विजेरी धरून उभा राहिला.

"नीट धर. काही दिसत नाहीये मला."

तास गेला. तिची बोटं लाल झाली. बुडबुडा नव्हता.

तिने गाडीचं दार उघडलं. बसण्याआधी वाकून सीटवर फुंकर मारली, लांब, सावकाश. मग ती स्टिअरिंगमागे बसली.

"बस."

नेस्टर पलीकडचं दार उघडून उभा राहिला.

"तूपण मार फुंकर," ती म्हणाली. "कुठल्या बाजूला बसलाय, काय माहीत."

त्याने फुंकर मारली. श्वासाची पांढरी वाफ सीटवर पसरली आणि विरली. तो अंग चोरून, दाराला चिकटून बसला. मधे एक माणूस मावेल एवढी जागा राहिली.

पेट्रोलवर इंजिन चालू झालं. पाणी गरम होईपर्यंत ती थांबली. मग तिने गॅसचा खटका दाबला. इंजिन अडखळलं, जवळजवळ मेलं, आणि गॅसवर चालू लागलं.

"येतोय?" तिने विचारलं.

"येतोय."

"मला नाही येत."

तिने हात लांब करून त्याच्या बाजूची काच पूर्ण खाली केली. उणे एकतीसचा वारा आत घुसला. ती टपालाच्या रस्त्याला लागली.