इंजिनातला कापूस

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात मांडीवर नुसता पडून राहिला. दवाखान्यातून घरी आल्या आल्या ह्यांनी अमरावतीच्या आमच्या अंगणातली जुनी, दोन सीटांची स्पोर्ट्स कार विकायला काढली. रविवारी अकोल्याहून घेणारा येणार होता. मला त्या गाडीचं काही कौतुक नव्हतं. तिच्यापायी आमच्या सुट्ट्या काळ्या तेलात गेल्या. पण गाडी गेली की हा माणूस खाटेवरून उठायचा नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"इंजिन फुसफुस करून राहिलं. जोडातलं पॅकिंग, ते गॅस्केट, गेलं. खोलाले हात कुठून आणू?" हे म्हणाले.

"माहे हायेत नं. तुमी खुर्चीवर बसा अन् सांगा."

आधी पेट्रोलची नळी काढली, मग चोकची तार. दोन्ही कार्ब्युरेटर सोडवून मी परातीत ठेवले. त्यांच्यामागचं मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाला चिकटलेल्या जड नळ्यांचा जोड, काही केल्या सुटेना. कोपर सोललं, तोंडातून एक शिवी गेली, पण मी पाना सोडला नाही. शेवटी मुकाट्यानं निघालं.

"इंजिनाच्या भोकांत चिंध्या कोंब. नट आत पडला तं कल्याण," हे म्हणाले.

चिंध्या शोधत कोण बसतं! मी कपाशीच्या मुलखातली. वातींसाठी ठेवलेला कापूस घेतला आणि बोळे करून कोंबले. जुनं गॅस्केट खरवडलं, नवं बसवलं, गुडघा लावून मॅनिफोल्ड चढवलं, कार्ब्युरेटर लावले. शनिवारी सकाळी चावी फिरवली. इंजिन जरासं खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा तेच. ह्यांनी तोंड फिरवलं. "जाऊ दे, इकून टाकू."

मला रडू आलं आणि रागही आला. तेवढ्यात डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिंधीचं टोक बाहेर लोंबतं, कापसाचं काय लोंबणार?

"अहो, कापूस आतच राह्यला!"

हे माझ्याकडे बघतच राहिले. "काहून वं, इंजिनातई कपाशी पेरली काय तुनं?" आणि असे हसले की खुर्ची हलली. आजारपणात हे हसू मी विसरूनच गेले होते.

पुन्हा सगळं खोललं. चिमट्यानं शेवटचा धागा निघेपर्यंत थांबले नाही. मॅनिफोल्ड परत चढवताना मात्र दंडातलं बळ संपलं होतं. ते एका हातानं पेलेना आणि दुसऱ्या हातातला नट आट्यावर बसेना. आता सोडणार, इतक्यात खालून एक हात आला. हे उठून, मडगार्डाला कंबर टेकून उभे होते. डाव्या हातानं त्यांनी मॅनिफोल्ड धरलं होतं.

"लाव नट," म्हणाले.

मी लावला.

रविवारी तो अकोल्याचा माणूस आला तेव्हा इंजिन चालूच होतं. त्यानं कान देऊन ऐकलं, खूश झाला. "कोन्या मेकॅनिकनं केलं, काका?"

"आमच्यापाशी तीन हात हायेत," हे म्हणाले. "गाडी इकाची नाही."