पिवळ्या पिशवीतला बस्ता

आमच्या दुकानाचं नाव मी सांगत नाही. तशी गरजही नाही. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही एसटीत चढा, चार तरी पिवळ्या पिशव्या दिसतील. एकीत डबा, एकीत कोथिंबीर, एकीत कोर्टाचे कागद आणि चौथीत आणखी एक पिवळी पिशवी. त्या पिशव्या आमच्या दुकानाच्या. मी या दुकानात कामाला लागले तेव्हा बारावी नापास होते. आता सात गावांतल्या सात दुकानांच्या साड्यांची खरेदी माझ्याकडे आहे आणि बारावी अजून नापासच आहे.

मालकांनी सुरुवात केली ती आठवडी बाजारातून. टेम्पोचा फाळका पाडायचा, सुरतेहून आणलेल्या साड्यांचा ढीग लावायचा आणि ओरडायचं. कडा गावच्या बाजारात त्यांचा आवाज भेळेच्या गाड्यांच्याही पलीकडे जायचा म्हणतात. मग एका दिवाळीला त्यांनी बीडमधलं एक बंद पडलेलं टॉकीज पंधरा दिवसांसाठी भाड्यानं घेतलं आणि बाहेर कापडी बोर्ड लावला, ‘भव्य सेल, शेवटचे तीन दिवस’. पंधरा दिवस संपले, दिवाळी संपली, संक्रांत आली, बोर्ड तिथंच. उन्हानं अक्षरं उडाली की मालक रंगवून घ्यायचे.

एकदा एका मावशींनी त्यांना धरलंच. “काय हो, तुमचं तीन दिवस कवा संपायचं?”

“आमचं दिवस लई मोठं असतेत मावशी,” मालक म्हणाले, आणि मावशींनी हसत दोन परकर घेतले.

मी लागले ती याच टॉकीजमध्ये. जमीन उतरती होती, त्यामुळे चपलांची गाडी कुणी जरा ढकलली की ती थेट लहान मुलांच्या फ्रॉकांत जाऊन थांबायची. पडदा होता तिथं ब्लँकेटं टांगलेली. आणि पडद्यापुढच्या ओट्यावर पांढरीशुभ्र गादी. दुकानातली तेवढीच सपाट जागा. त्या गादीवर चाचा बसायचे.

चाचा मालकांचे टेम्पोच्या काळापासूनचे जोडीदार. बीडच्या जुन्या बाजारात त्यांच्या घरचं पिढीजात कापडाचं दुकान होतं, भावांच्या वाटण्यांत ते गेलं. माणूस किडकिडीत, टोपी कायम जरा तिरकी, आणि बस्त्याला बसले की राजे. लग्नाचा बस्ता म्हणजे दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं, आणि त्यातली निम्मी रुसायच्या तयारीनंच घरून निघालेली. चाचा आधी चहा सांगायचे. मग पहिला खण देवाचा, त्याला हळद-कुंकू. मग नवरीचा शालू. मग मानाच्या साड्या. भाव मोठ्यानं कधीच सांगायचे नाहीत. साडीच्या घडीखाली हात घालून पैसे देणाऱ्याच्या बोटांना सांगायचे, बैलबाजारात रुमालाखाली सांगतात तसा. आत्याची साडी केवढ्याची आणि मामीची केवढ्याची हे फक्त त्या दोघांना ठाऊक. म्हणून आत्या आणि मामी दोघीही खूश.

आम्ही मुली मात्र ओट्याच्या खाली उभ्या. चाचांनी बोट केलं की साडी काढून द्यायची, पाहून झाली की घडी घालायची. दिवसाला दोन-दोनशे घड्या. बाईनं गादीवर बसायची पद्धतच नव्हती. चाचांनी मला सगळं शिकवलं, पोत डोळे मिटून ओळखायला, जरीची तार खरी की खोटी ते बघायला, आणि गिऱ्हाईक ‘नको’ म्हणतं तेव्हा त्याला खरंच नको असतं का ते ताडायला. पण कधी ‘वर येऊन बस’ म्हणाले नाहीत. मला त्याचा राग होता. होताच, खोटं कशाला बोलू?

दुकान चाललं. धारूरला एक झालं, कड्याला बाजाराजवळच छोटं झालं, आणखी दोन-तीन झाली. मग मालकांनी बीडला जालना रोडवर काचेचं मोठं दुकान बांधलं, टॉकीजमधलं सगळं गादीसकट तिथं हलवलं आणि पुण्याहून एक सल्लागार आणला. सल्लागार बूट न काढता गादीपाशी आला आणि म्हणाला, “ही जागा वाया जातेय.” गादी गेली. साड्या हँगरला लागल्या. प्रत्येक साडीला गोल स्टिकर, नव्या मालाला हिरवा, निम्म्या दराच्या मालाला लाल. गिऱ्हाइकानं स्वतः बघावं, स्वतः घ्यावं, ढकलगाडीत टाकावं.

आणि मी? मी आनंदानं नाचायची बाकी होते. घड्या संपल्या होत्या, वरखाली संपलं होतं, सगळेच उभे. चाचांना दारात स्टूल दिलं. आत येणाऱ्यांच्या थैल्या ठेवून घ्यायच्या आणि पितळी टोकन द्यायचं. ज्या माणसाच्या बोटांवर अर्ध्या जिल्ह्याची लग्नं निभावली, तो माणूस थैल्या मोजत बसला, आणि मला पहिले आठ दिवस ते दिसलंसुद्धा नाही. याची लाज मला आजही वाटते.

नवव्या दिवशी दुपारचा चहा घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, “बेटा, एवढी लगीनसराई होऊ दे. मग मी बी जातो घरी.”

“का चाचा?”

“थैल्या सांभाळायला माणूस कशाला पायजे? खुंटी बी चालंल.”

ते हसत म्हणाले, पण चहा तसाच ठेवला. चाचांनी चहा ठेवला म्हणजे प्रकरण गंभीर. ते गेले तर माझं शिकणं तिथंच थांबणार होतं, आणि त्याहून मोठं म्हणजे ते घरी बसून काय करणार होते? मी मालकांकडे गेले. मालक म्हणाले, सल्लागाराला एक सीझन तरी देऊ. मोठ्या माणसांची ही एक गंमत असते, पैसे देऊन आणलेल्याचं ऐकावंच लागतं.

त्याच आठवड्यात नारायणगडाच्या बाजूच्या एका गावातून बस्ता आला. दोन जीप भरून. आत आले आणि हँगरच्या रांगांत पांगले. काका पँटींकडे, करवल्या टिकल्यांकडे, नवरी एकटीच आरशापुढे. बसायला जागा नाही, चहा नाही, देवाचा खण कुठं तेही कुणाला कळेना. नवरीच्या वडिलांनी घाईघाईनं मानाच्या दोन साड्या काढल्या. नवरदेवाच्या मामीला एक, आत्याला एक. मामीच्या साडीवर हिरवा स्टिकर आणि आत्याच्या साडीवर लाल.

आत्याबाईंनी दोन्ही स्टिकर बघितले. एकदा नाही, तीनदा. मग अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “मामीला हिरवा आन् मला लाल? मला निम्म्यात काढता व्हय?”

नवरीचे वडील काही बोलायच्या आत त्यांनी साडी ढकलगाडीत फेकली. “चला रे समदे. असल्या ठिकाणी सोयरीक करायची का न्हाई त्याचा बी इचार करू.” नवरदेवाचा बाप बहिणीपुढे मान खाली घालून निघाला. नवरी आरशापुढेच उभी राहिली, हातातला शालू तिनं सोडला नव्हता.

पण बाहेर जायचं तर थैल्या हव्यात, आणि थैल्या चाचांकडे. आत्याबाईंनी टोकन आपटलं. चाचांनी ते उलटसुलट करून पाहिलं. “आक्का, ह्या नंबराची थैली... थांबा हं. हितंच कुठं तरी ठेवलती.” थैली त्यांच्या स्टुलाखाली होती, मला दिसत होती. त्यांनी माझ्याकडे पाहून एवढंच म्हटलं, “बेटा, चादरी.”

मी पळाले. सोलापुरी चादरींचा गठ्ठा फोडला, चपलांची रांग सरकवून चार चादरी जमिनीवर अंथरल्या, आणि लाल-हिरवे सगळे स्टिकर नखांनी खरवडायला बसले. सल्लागार “मॅडम, हे आपल्या पद्धतीत बसत नाही,” म्हणत मागे उभा होता. मी त्याला म्हटलं, “मग तुम्ही बसा आणि खरवडा.” दोन नखं तुटली. त्यानं खरंच चार स्टिकर काढले, बिचाऱ्यानं.

तेवढ्यात चाचांनी आत्याबाईंना चादरीपर्यंत आणलं होतं. “आक्का, थैली सापडंस्तवर घोटभर च्या घ्या. आन् एक सांगा, नवरीचा शालू कोण काढणार? घरातल्या मोठ्या तुमीच. तुमी हात लावल्याबिगर आमी घडी मोडत न्हाई.”

आत्याबाई उभ्या राहिल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि बसल्या. त्या बसल्या तसे सगळे बसले. मी देवाचा खण आणला. नवरीनं हातातला शालू आत्याबाईंच्या मांडीवर ठेवला, आणि त्यांनी पदर उलगडून “चांगला हाय की” म्हटलं तेव्हा तिच्या वडिलांनी टोपी काढून घाम पुसला. पुढे चार तास बस्ता चालला. चाचांचे हात घडीखाली, भाव बोटांत. शेवटी आत्याबाईंनी ढिगातून स्वतःसाठी एक साडी ओढून काढली आणि मामीला दाखवली. “ही बग. ह्याला म्हणतेत साडी!” ती मघाची लाल स्टिकरवाली. मी तोंडाला पदर लावून गोडाऊनमध्ये जाऊन हसून आले.

मालक वरच्या मजल्यावरच्या आपल्या केबिनच्या काचेतून सगळं बघत होते. खाली आले, चादरीच्या कडेला टेकले आणि म्हणाले, “चाचा, गादी कुठं टाकायची ते तुमीच सांगा.”

तेव्हापासून आमच्या प्रत्येक दुकानात हँगरही आहेत आणि गादीही. गादीवर स्टिकर चालत नाही.

गेल्या वर्षी कड्याचं दुकान मोठं केलं. नवी गादी टाकली, पहिला बस्ता सकाळीच येणार होता. चाचांचे गुडघे आता वाकत नाहीत, पण ते बीडहून पहाटेच आले होते. मी सवयीनं गादीच्या खाली उभी राहिले. चाचा म्हणाले, “वर बस.”

“मी?”

“मग कोण? मला शिकवायला लई वर्सं लागली, आन् ‘वर बस’ म्हणायला त्याच्याहून जास्ती. बस बेटा.”

मी बसले. हात कुठं ठेवावेत ते कळेना. चाचांनी दारातलं स्टूल स्वतःच ओढून घेतलं आणि टोकनांचा डबा मांडीवर ठेवला. बस्ता आला. पुढं एक म्हातारी होती, तिनं थैली चाचांकडे दिली, गादीकडे पाहिलं आणि विचारलं, “दुकानदार कुठाय बाबा?”

चाचांनी तिच्या हातात टोकन ठेवलं. “ती काय, समोर बसलीया.”