बारा पांढरे टॉवेल

आमच्या देवळातलं धुणं माझ्याकडे होतं. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. नवऱ्याची कसाऱ्याला रेल्वेत नोकरी, म्हणून लग्नानंतर शहापूरला आले आणि इथलं देऊळ पाहून मला रडू आलं. माहेरी उंच मनोरा, मोठी घंटा, चकचकीत बाकं. इथे पत्र्याचं छप्पर, सारवलेलं अंगण आणि आत बाकांच्या जागी चटया. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, शहापुरातली आम्ही पाच-सहा नोकरदार घरं, बाकीची माणसं वाड्यांवरून आलेली, निम्मी वाट पायी आणि निम्मी जीपच्या टपावर. मी नाक मुरडलं आणि त्याच दिवशी ठरवलं की या देवळाला वळण लावायचं. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण न सांगता अंगावर घेतलेल्या कामाचा तोरा जरा जास्तच असतो.

वेदीवरची कापडं, फादरांचे झगे, हात पुसायचे रुमाल, सगळं मी घरी नेऊन धुवायची. निळीचा हात बेताचा, भाताच्या पेजेची खळ, कोळशाची इस्त्री. घडीची धार अशी, की बोट कापेल. फादर म्हणायचे, "बाई, तुमच्या टॉवेलने हात पुसायचा म्हणजे पुठ्ठ्याने पुसल्यासारखं वाटतं." मी ते कौतुकच समजायची.

सगळ्यात जपून ठेवलेले बारा टॉवेल होते. मांजरपाटाचे, मीच शिवलेले, कोपऱ्यात पांढऱ्याच दोऱ्याने छोटा क्रूस भरलेला. ते वर्षातून एकदाच बाहेर निघत, पवित्र गुरुवारी. येशूने मरणाच्या आदल्या दिवशी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात, पुसतात आणि पायांचं चुंबन घेतात. त्या काळी बाराही जण पुरुषच असायचे. बायकांनी टॉवेल धुवायचे.

आता गंमत अशी, की पाय धुवून घ्यायला येणारा प्रत्येक जण घरून पाय धुवून यायचा. फादरांना कसे घाण पाय दाखवायचे? एका वर्षी एकाने पायाला पावडर फासली होती. पाणी पडल्यावर तिचा चिखल झाला आणि लहान पोरं मिस्साभर खिदळली. तेव्हापासून मी नियमच केला. मिस्सेच्या आधी व्हरांड्यात बारा जणांना उभं करायचं आणि पाय तपासायचे. शाळेत नखं तपासतात तसे. कुणी हसलं नाही, कुणी विरोधही केला नाही. बाई सांगतात म्हणजे तशीच रीत असणार, असं सगळ्यांना वाटलं. त्या तपासणीत काही चुकतंय हे मलाही कधी वाटलं नाही, आणि मी तर वर्षानुवर्षं धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना हाच प्रसंग शिकवत होते.

शेणव्याच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तिथल्या चार-पाच घरांनी बाप्तिस्मा घेतलेला होता, बाकी वाडी आपल्या जुन्या देवांची. त्या चार-पाच घरांतले एक म्हातारे बाबा दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन चटया अंथरायचे आणि सगळे गेल्यावर झाडून, गुंडाळून ठेवायचे. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी लागणारी शिंदीची पानं जंगलातून तेच आणायचे, डोक्यावर भारा घेऊन. त्यांनाही हे काम कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या कामाचा तोरा मात्र मी कधी पाहिला नाही. मनात मी त्यांना 'चटईवाला म्हातारा' म्हणायची.

नव्वदच्या दशकातल्या एका वर्षी फादरांनी बारा जणांच्या यादीत त्यांचं नाव घातलं. झावळ्यांच्या रविवारी यादी वाचून दाखवली तेव्हा बाबा मागे चटईवर बसलेले होते. ते उठून उभे राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती, पण राहिले आणि हात जोडले. नंतर चटया गुंडाळताना मला म्हणाले, "बाय, सून सदरा शिवून घेते म्हनते. पांढरा चालंल ना?"

"चालेल की," मी म्हटलं. माझं लक्ष दुसरीकडे होतं. त्या वर्षी माझा भाऊ आणि भावजय वसईहून खास येणार होते, भाऊ नवा व्हिडिओ कॅमेरा घेऊन. आमचं खेड्यातलं देऊळ किती टापटीप आहे, हे मी माहेरी इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते दाखवणं भाग होतं.

गुरुवारी मिस्सा पाचला ठेवलेली, वाडीवरच्यांना उजेडात परतता यावं म्हणून. चारच्या सुमारास मी व्हरांड्यात तपासणीला उभी राहिले. भाऊ अंगणात कॅमेरा जुळवत होता. बाबा रांगेत सातवे की आठवे. अंगात नवा कोरा सदरा, अजून घड्या मोडलेल्या नव्हत्या. मी खाली पाहिलं आणि म्हटलं, "बाबा, पाय धुवून नाही आलात?"

"तीनदा धुतले बाय. नदीला पानी नाय, पन सुनेनं हंडा दिला."

त्यांच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या आणि त्या भेगांत, कडांवर, तळव्यापर्यंत काळे डाग. ते दिवस राब भाजायचे. भाताची रोपं जिथे टाकायची ती जमीन पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात आणि त्या राखेतून माणसं महिनाभर अनवाणी वावरतात. मला वाटलं, ती राखच आहे. मी नळाकडे बोट दाखवलं. "जा, घासून या."

टँकरचं पाणी होतं ते, एरवी मी कुणाला तांब्याभरही सांडू देत नव्हते. बाबा नळाशी बसले. दगडाने टाचा घासताना खर्रखर्र आवाज व्हरांड्यापर्यंत येत होता. परत आले तेव्हा भेगांच्या कडा लाल झाल्या होत्या आणि काळं होतं तिथेच होतं.

"बिब्बा हाय तो बाय," ते म्हणाले. "भेगंत भरलाय. त्यो जात नाय. चमडीसंगंच जाईल."

भाऊ कॅमेऱ्यातून आमच्याकडे पाहत होता. मला त्याच्यासमोर ओशाळल्यासारखं झालं. लाज मला त्या पायांची वाटली, स्वतःची वाटली नाही. मी हातातले टॉवेल छातीशी धरले आणि म्हटलं, "मग राहू दे बाबा. फादरांचा टॉवेल काळा होईल. आज तुम्ही मागे बसा. पुढच्या वर्षी बघू."

त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग "बरं बाय" म्हणाले आणि आत जाऊन मागच्या चटईवर बसले, पाय पोटाशी घेऊन. मी बँकेत नव्याने बदलून आलेल्या एका साहेबांना हाताला धरून बाबांच्या खुर्चीवर बसवलं. त्यांचे पाय बुटामोज्यांतले, लोण्यासारखे. त्यांना गुदगुल्या झाल्या आणि ते फादरांच्या हातातून पाय ओढून घेत हसले. कॅसेटमध्ये ते अजूनही दिसतं. मागची चटई दिसत नाही, भावाने कॅमेरा तिकडे वळवलाच नाही.

मिस्सेनंतर फादरांनी विचारलं, "वाडीवरचे बाबा बसले नाहीत ते?"

इथे खरं सांगायला मला एक क्षण मिळाला होता. मी म्हटलं, "त्यांनाच नको होतं फादर. लाजले."

फादर भला माणूस. "असं होय," म्हणाले, "मग त्यांना अवघडून टाकायला नको." आणि पुढे कुठल्याही वर्षी त्यांनी बाबांचं नाव घातलं नाही. ते बदलून गेले, दुसरे आले, त्यांच्या हाती जुन्या याद्या होत्या, आणि नव्या फादरांना मीच समजावून सांगायची की कुणाला घ्यायचं. दर वर्षी यादी होताना बाबांचं नाव माझ्या ओठांवर यायचं आणि मी ते गिळायची. ते नाव घेतलं असतं तर मागचं खोटं उघडं पडलं असतं, आणि माझ्या तोऱ्याला ते शोभलं नसतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, सापडलं नाही.

ईस्टरनंतरच्या रविवारी बाबा मोजे घालून आले. नातवाचे शाळेचे करडे मोजे, घोट्यापर्यंतही न पुरणारे. बाहेर रणरणतं ऊन, सगळे अनवाणी, आणि हा माणूस मोजे घालून चटया अंथरतोय. मी चारचौघांत म्हटलं, "बघा, बाबांना कसं वळण लागलं." लोक हसले. बाबाही हसले. त्यानंतर मी त्यांना मोज्यांशिवाय कधी पाहिलं नाही.

पुढे मलाच टाचांच्या भेगांनी हैराण केलं. फरशीवर पाय टेकवेना. शेजारच्या बाईंनी बिब्बा तापवून जपून एकेक थेंब भेगेत सोडला. दोन दिवसांत बरं वाटलं, टाचा मात्र काळ्याकुट्ट झाल्या. आंघोळ करून मी पाय पुसले आणि सवयीने टॉवेल उजेडात धरून पाहिला. पांढरा स्वच्छ. वाळलेला बिब्बा कापडाला लागत नाही. त्या गुरुवारी टॉवेलावर डागसुद्धा पडला नसता. मी मोरीत बसून राहिले. नवऱ्याने बाहेरून दोनदा हाक मारली तेव्हा उठले.

तरीही मी गेले नाही. वाडी लांब आहे, गुडघे दुखतात, सांगायचं तरी कसं, अशी वर्षं गेली.

दोन हजार सालानंतर केव्हातरी बाबा यायचे बंद झाले आणि चटया कुणीही कशाही टाकू लागलं. मग एका मे महिन्यात निरोप आला की बाबांचं काही खरं नाही, फादरांनी आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन यावं. आजाऱ्यांना भेटायला फादरांबरोबर एक-दोन जणींनी जायचं, अशी आमच्यात रीत आहे. मी म्हटलं, मी येते. पिशवीत क्रूस, मेणबत्ती, आणि बारांतला एक टॉवेल घेतला. का घेतला, ते जीपमध्ये बसल्यावर मला कळलं.

बाबा पडवीत गोधडीवर होते. हाडांचा सापळा उरलेला. फादरांनी कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं, प्रार्थना म्हटली, बाबांनी ओठ हलवले. मग शेजारच्या घरातलं कुणी आजारी होतं म्हणून फादर तिकडे गेले. मी मागे राहिले. सुनेला म्हटलं, "थोडं पाणी देतेस का गो?" तिने हंड्यातून अर्धा तांब्या काढून दिला. मे महिना, विहीर आटलेली, तो हंडा तिने किती लांबून आणला असेल ते मला ठाऊक होतं.

मी पायाशी बसले. आदल्या रात्री वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. एवढंच म्हटलं, "बाबा, पाय पुसते तुमचे."

त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं. आणि उरलीसुरली ताकद लावून दोन्ही पाय गोधडीखाली ओढून घेतले.

"नको बाय," ते म्हणाले. "तुमचं फडकं कालं व्हईल."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटले असते. ते माझी काळजी करत होते. मी सांगितलेलं त्यांनी इतकी वर्षं खरं मानलं होतं.

"नाही होत बाबा," मी म्हटलं. "तेव्हाही झालं नसतं. मी चुकले. तुम्ही लाजलात असं फादरांना खोटं सांगितलं मी." त्यांनी ऐकलं की नाही, मला माहीत नाही. डोळे मिटलेले होते, हात गोधडीच्या कडेवर घट्ट.

सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हळूच म्हणाली, "राहू द्या बाय. ते पाय कुनाला दावत नाय. डागदर आला त्याला बी दावला नाय. आधी नवतं असं."

कधीपासून, हे मी विचारलं नाही. टॉवेल घडी घालून पिशवीत ठेवला, कोरडाच. तांब्यातलं पाणी तिथे फेकण्यासारखं नव्हतं, म्हणून उठले आणि परत हंड्यात ओतलं.