कळ्ळीचा नमस्कार

आमच्या ह्यांना, म्हणजे वैदिलिंगम यांना, जगात फक्त एकाच गोष्टीचं कौतुक आहे. स्वतःच्या सांबाराचं. मन्नारगुडीत मोठ्या तळ्याच्या काठी आमची लहानशी खाणावळ आहे. दुपारी गिऱ्हाईक केळीच्या पानावर बसलं की हे हातात ओगराळं घेऊन समोर उभे राहतात आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. कोणी चुकून म्हणालं, "मीठ जरा कमी वाटतंय का हो?" की संपलंच. "मीठ बरोबर आहे. जीभ बदलून आणा." तरी लोक येतात, कारण सांबार खरंच चांगलं असतं. हे मी त्यांच्यादेखत कधीही बोललेली नाही आणि बोलणारही नाही.

त्यांना मांजरांचा तिटकारा आणि मला लळा. परसात करड्या पट्ट्यांची एक मांजरी येते. एक कान अर्धा तुटलेला, पाठीवर भाजल्याचा डाग. माणसांनी काय काय केलं असेल तिचं, कोण जाणे. तिचं नाव मी ठेवलं कळ्ळी, म्हणजे चोरटी. कित्येक वर्षं मी तिला रोज दहीभात घालतेय. ती माझ्यावर एक डोळा ठेवून खाते आणि मी हात पुढे केला की विहिरीपलीकडे पसार होते. आम्हाला मूलबाळ नाही. त्याचं रडगाणं मी गात नाही, पण कोणीतरी आपण होऊन माझ्या मांडीवर येऊन बसावं असं मला फार वाटायचं. आणि ते कळ्ळीनेच बसावं, असंही.

स्वयंपाकघरात दिवसभर ओल. उभं राहून राहून ह्यांच्या पायांना चिखल्या झाल्या. एरवी त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? पण खाणावळवाल्याच्या पायाला खाज सुटली म्हटल्यावर गावात तिची खरूज व्हायला कितीसा वेळ लागतो! मग आमच्या पानावर कोण बसणार? पलीकडच्या गल्लीत नवी खाणावळ उघडलेली माणसं टपलेलीच होती. आमची ही खाणावळ सोडली तर आम्हाला दुसरं पोटाचं साधन नाही.

"शेंबगम, कोणाला कळता कामा नये," हे माझ्या कानात म्हणाले. त्यांचं कुजबुजणं तळ्यापलीकडे ऐकू जातं.

विहिरीमागे कुप्पैमेनीची रानटी झुडपं माजलेली असतात. बाप्ये ती खाजेला लावतात, बायका हळदीत वाटून तोंडावरची लव जायला लावतात. मी झाड मुळासकट उपटलं, हळद घालून वाटलं आणि ह्यांच्या पायांना लेप दिला. पाय पिवळे का, असं कोणी विचारलं तर सांगायचं की नवस आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पंगत बसलेली असताना, कळ्ळी आत आली. सरळ चालत ह्यांच्या पायांशी गेली, घोट्यावर डोकं घासलं, गाल घासला आणि धाडकन पाठीवर पडून पोट वर करून लोळायला लागली. लाळ गळत होती तिची! हे "शुक, शुक" करत एका पायावर नाचायला लागले. मी रसमचं भांडं हातात धरून बघतच राहिले. माझ्या दहीभातावर पोसलेली ही भवानी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"वैदी," तंगरासू मास्तर भात कालवता कालवता म्हणाले, "खोट्या माणसाजवळ मांजर जात नाही. तुझं मन लहान मुलासारखं आहे. आम्हालाच ओळखता आलं नाही."

झालं! तेव्हापासून ह्यांचे पाय जमिनीला लागेनात. जो येईल त्याला सांगायचे, "मांजराला माणूस कळतो." आणि मला उपदेश. "तू तिच्या मागे मागे करतेस, तिथे चुकतेस. मी बघ, ढुंकूनही बघत नाही."

हे कौतुक चाललेलं असतानाच एकदा ऐन पंगतीच्या वेळी फुलवाली पेच्ची म्हातारी ताकाला आली. कळ्ळी ह्यांच्या पायांशी लोळत होती. पेच्चीने पाटी खाली ठेवली, वाकली, वास घेतला आणि खिंकाळलीच.

"लहान मुलाचं मन म्हणे! अरे वैदी, ही तर पूनैवणंगी! मांजर मुळीला नमस्कार घालतंय, तुला नाही!"

"काय वणंगी?" मास्तरांनी विचारलं.

"कुप्पैमेनी हो मास्तर. आमची म्हातारी माणसं तिला पूनैवणंगी म्हणायची. तिच्या मुळीपुढे मांजर लोटांगण घालतं म्हणून." मग ती ह्यांच्याकडे वळली. "पण काय रे, तुझ्या पायाला झालंय काय?"

सगळ्या पानांवरचे हात थांबले. एकाने तर घास परत पानात ठेवला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तापाने फणफणत असतानाही ज्या माणसाने कधी माझ्याकडे पाणी मागितलं नाही, तो माझ्याकडे बघत होता.

"त्यांच्या पायाला काही नाही," मी म्हणाले. "लेप माझा आहे."

"तुला कशाला गं लागतो?"

"मिशीला."

कोणालातरी ठसका लागला.

"मला मिशी येते," मी चांगलं खणखणीत सांगितलं. "हे रोज पाट्यावर बसून मला लेप वाटून देतात. वाटताना सांडतो पायावर."

पेच्ची माझ्याजवळ आली, हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "आहे खरी!" हे उपकार होते की अपमान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पंगत मात्र हसत सुटलीच. "वैदी बायकोच्या मिशीला लेप वाटतो!" मास्तर हसता हसता पानावर वाकले आणि त्यांनी आणखी भात मागितला. हे लालबुंद झाले, पण भात वाढला.

आता बोललेलं निभावणं आलं. त्याच संध्याकाळी ह्यांनी झाड मुळासकट उपटून आणलं आणि परसात, शेजारपाजाऱ्यांना दिसेल असे, पाट्यावर बसले. लग्न झाल्यापासून ह्यांनी माझ्यासाठी कधी चिमूटभर जिरंही वाटलेलं नाही. वाटी पुढे करून म्हणाले, "लाव. उद्या पेच्ची तोंड बघेल."

मी लेप लावून पायरीवर बसले. कळ्ळी आली. थोडी थांबली, मग मांडीवर चढली आणि तो अर्धा कान माझ्या गालावर घासत घुरघुरायला लागली. मला माहीत होतं हे कशामुळे ते. तरी मला रडू आलंच.

"मुळीला करतेय ती नमस्कार," हे म्हणाले. "तुला नाही."

"ठाऊक आहे मला."

स्वयंपाकघरात लाकडी फळ्या टाकल्यावर ह्यांचे पाय केव्हाच बरे झाले आहेत. वाटणं मात्र रोज चालू आहे. काल माझा लेप लावून झाला, कळ्ळी मांडीवर आली, तसे हेही शेजारी येऊन बसले आणि दोन्ही पाय माझ्यापुढे पसरले. स्वच्छ, कोरडे पाय.

"थोडा इकडेही लाव," कळ्ळीकडे न बघता ते म्हणाले. "अजून खाजतंय."