दहा दिवसांची मिशी

आमच्या तापीकाठच्या गावांत वडील हयात असताना मुलगा मिशी काढत नाही. वडील किंवा आई गेली की दहाव्या दिवशी प्रकाशा या तीर्थगावी नदीवर डोकं भादरतात, आणि डोक्याबरोबर मिशीही जाते. त्यामुळे ओळखीच्या माणसाचा ओठ एकाएकी कोरा दिसला तर आम्ही आधी त्याच्या घरचं विचारतो. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, मोडलं तर कुणी वाळीतही टाकत नाही. मी ते चोविसाव्या वर्षी मोडलं. त्यावर नानांनी मला एक प्रश्न विचारला होता, तो बावीस वर्षं माझ्याजवळ पडून होता. नाना म्हणजे माझे वडील. ते या उन्हाळ्यात गेले.

तेव्हा मला नवापूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायची नोकरी नुकतीच लागली होती. स्टेशनच्या रस्त्यावर एक सलून होतं. चालवणारा सुरतेला काम शिकून आलेला. भिंतीवर केसांच्या तऱ्हांचे फोटो आणि प्रत्येकाखाली नंबर. पोरं आत येऊन नुसता नंबर सांगत. माझ्या मिशीसाठी नंबराची गरज नव्हती. ती विरळ होती आणि डावीकडे एका जागी उगवतच नव्हती. त्या दिवशी तो ती सारखी करायला गेला. डावीकडे थोडी कापली म्हणून उजवीकडे, उजवीकडे जास्त गेली म्हणून परत डावीकडे. शेवटी नाकाखाली एक रेघ उरली. "सर, अब निकाल ही देते हैं," तो म्हणाला. मला पटकन नाही म्हणता येत नाही. आजही येत नाही. मी मान हलवली.

आरशात पाहिलं तर तोंड माझ्या आईचं होतं. वरचा ओठ अगदी तिचा. मला ते आवडलं, हे मी कुणाला सांगितलं नाही.

त्याच शनिवारी गावी निघालो. नंदुरबारपर्यंत रेल्वेने, पुढे एसटीने. फाट्यावर उतरलो. एसटी पुढे निघाली तेव्हा खिडकीत शेजारच्या गावचे एक ओळखीचे काका दिसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हात वर केला. त्यांनी हात केला नाही, नुसते बघत राहिले. मला तेव्हा काही वाटलं नाही.

संध्याकाळी नाना ओट्यावर फवारणीचा पंप खोलून बसले होते. मी आत माजघरात वाचत होतो. तिघे जण आले. डोक्यावर टोप्या, खांद्यावर उपरणी, पावलं हळू. मयताच्या घरी दारावर बसायला येतात तसे. एसटीच्या खिडकीतून पाहणारे काका त्यांच्यात पुढे होते.

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पंप बाजूला ठेवला. "या. बठा. कोन गये?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, "कोन्हीच नही, नाना. आठून जाई ऱ्हायनूत, म्हनं भेटी ल्यूत."

"टोप्या घालीसन?"

काकांना राहवलं नाही. "तुन्हा पोऱ्याले देखं फाट्यावर. मूछ नही त्याले. आम्हले वाटनं..."

नानांनी मला हाक मारली. मी दारात येऊन उभा राहिलो. मी आल्यापासून नाना शेतात, मग ओट्यावरच होते, त्यांनीही मला तेव्हाच पाहिलं. चौघेही माझ्या ओठाकडे पाहत होते.

"देखा," नाना म्हणाले, "मी मरी गऊ, नि माले माहीतच नही."

मग हसणं झालं. काका सगळ्यांत मोठ्याने हसले, त्यांचीच चूक झाली होती म्हणून. मायने चहा केला. "नाना, तुमनी उमर वाढनी," असं म्हणून ते गेले. नानांनी पंप पुन्हा जवळ ओढला. नळीचं तोंड फुंकून पाहिलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुनी आतेच काढी टाकी. मंग मी मरसू तवय काय देशी?"

मी म्हणू शकलो असतो, की वाढेल पुन्हा, नदीवर द्यायला असेल. महिन्याभराचं तर काम. मी आत गेलो.

पुढे मी ती का वाढवली नाही, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. आधी नवा चेहरा आवडला होता म्हणून. नंतर चिडीने. एका लग्नात पंगत बसली होती, तिथे नानांनी चार लोकांत म्हटलं, "आमना सर गुळगुळीत शे." कुणीतरी पुढे जोडलं, "सर बी नि बाई बी. लाडू वाढा दोन्हीसले." पंगत हसली. नाना हसले नाहीत, पण त्यांनी कुणाला थांबवलंही नाही. कमी बोलणाऱ्या माणसाची चीड लवकर दिसत नाही आणि लवकर जातही नाही. दर शनिवारी मी गावी जायचो तो ओठ कोरा करूनच.

नवापूरला याचं कुणाला काही नव्हतं. माझे एक सहकारी सीमेवरच्या डोंगराळ गावातले, घरची शेती, ख्रिस्ती कुटुंब. त्यांचे वडील धडधाकट होते, तरी हे रोज गुळगुळीत दाढी करून येत. मी त्यांना आमची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "आमच्यात मिशीचं काही नसतं सर. वडील गेले तर आम्ही रडतो, बस." आता माझ्या वर्गातली पोरं कानाच्या वर पार उडवतात, माथ्यावर कोंबड्यासारखा तुरा ठेवतात आणि सगळ्यांना दाढ्या आहेत. ज्याला येत नाही तो तेल लावतो. एकदा त्यांच्यातला एक मला म्हणाला, "सर, तुम्ही दाढी ठेवा, भारी दिसाल. पोरं घाबरतील." मी म्हटलं, घाबरून तुम्ही कविता वाचणार आहात का. तो म्हणाला, नाही.

नानांची मिशी मोठी नव्हती. ओठांच्या कोपऱ्यापर्यंत, खाली न उतरणारी. ती ते स्वतः कातरत, शनिवारी सकाळी, अंगणातल्या खांबाला लावलेल्या आरशात. गावातले न्हावी घरी येऊन नानांचं डोकं आणि दाढी करत, पण मिशीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. शिंगाची एक छोटी फणी होती, ती सदऱ्याच्या खिशात असे. बोलायच्या आधी नाना मिशीवरून एकदा बोट फिरवत, आणि समोरचे थांबत. मजूर थांबत, केळीचा व्यापारी थांबे, आम्हीही थांबत असू. वर्गात बोलायच्या आधी मी चष्मा पुसतो. त्याने कुणी थांबत नाही.

मागच्या दिवाळीनंतर नानांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण समजत होतं. दाढी न्हावी करत राहिले. मिशी ओठावर उतरू लागली, चहात बुडू लागली. नाना न्हाव्यांना मान हलवून नाही म्हणत. मी शनिवार-रविवार गावी असायचो. एका रविवारी त्यांनी डाव्या हाताने फणी माझ्यापुढे धरली.

मी आयुष्यात कुणाची मिशी कातरली नव्हती. नानांच्या इतक्या जवळ तोंडही कधी नेलं नव्हतं. त्यांच्या श्वासाला औषधाचा वास होता. फणीने केस उचलायचे आणि फणीच्या वर आलेले तेवढे कापायचे, हे त्यांनी बोटाने दाखवलं. डावीकडे जास्त गेली. मी आरसा पुढे धरला.

"हाऊ कोन शे?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "नाना, चुकनं. उजवीकडून बी थोडी काढू का?"

"नही. ऱ्हाऊ दे." मग थांबून, "वाढी."

वाढेल. बावीस वर्षांपूर्वी मला सुचलेलं आणि मी न बोललेलं तेच. नवापूरच्या सलूनवाल्यालाही हे कुणी सांगितलं असतं तर, असं मनात आलं. पुढच्या रविवारपर्यंत ती खरंच सारखी झाली, आणि मग दर रविवारी ते माझं काम झालं.

थंडी सरताना नंदुरबारच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हृदय थकलंय, तयारी ठेवा. तयारी म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. परत येताना गाडीत मला नानांचा जुना प्रश्न आठवला. मंग मी मरसू तवय काय देशी? मी त्या दिवसापासून वरच्या ओठावर ब्लेड लावणं बंद केलं. ती आता पांढरी-काळी येत होती, डावीकडची जागा अजूनही मोकळी होती. मला ते बरं वाटत होतं. निदान वेळ येईल तेव्हा नदीवर माझ्या ओठावर काहीतरी असेल.

दुसऱ्या रविवारी मी कातरायला बसलो. नानांची नजर तोवर अधू झाली होती, पण तोंड इतकं जवळ होतं. त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या ओठावरून बोट फिरवलं. आधी इकडून, मग उलटं.

"डाक्टरनी काय सांगं?"

"काही नही. बरं शे म्हने."

"मंग हाई कसाले वाढाडी?"

मी फणीतले केस काढत बसलो. वर्गात मी तासभर बोलतो. नानांनी डोळे मिटले. अर्धी मिशी कातरायची राहिली, त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळी खिचडी भरवायला माय गेली तर ओठ उघडेनात. "काय सांगं तुनी त्यासले?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, काही सांगितलं नाही. ते खरंच होतं.

रात्रभर विचार करण्यासारखं त्यात काही नव्हतं. दोन गोष्टी होत्या आणि त्यांतली एकच होण्यासारखी होती. मिशी ठेवली तर नाना रोज माझ्या तोंडावर आपलं मरण बघणार. काढली तर त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर राहणार नव्हतं.

सकाळी मी कॉलेजात रजा कळवली. खाट अंगणाकडच्या दारात होती. मी खांबाच्या आरशापुढे नानांना दिसेल असा उभा राहिलो, साबण लावला आणि मिशी काढली. तोंड धुऊन त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "चहा टाक म्हना. साखर बठ्ठी टाक म्हना." साखर बंद होती. मायने पूर्ण टाकली. चहा पिऊन झाल्यावर फणी पुढे केली आणि कालची राहिलेली अर्धी बाजू मी पूर्ण केली.

त्यानंतर दोन महिने ते होते. मी रोज दाढी करत राहिलो.

ते पहाटे गेले, झोपेतच. सुतकात वस्तरा लावायचा नसतो, साबणही नाही. दिवसभर माणसं दारावर येत आणि बसत. संध्याकाळी पोथी वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात मला वाचता येतं असं सगळे धरून चालतात. मी अर्थ न लागता वाचत होतो. सातव्या दिवशी बशीतून चहा पिताना ओठाला काहीतरी ओलं चिकटल्यासारखं झालं. मी बोटाने पुसलं, तरी ओलंच. माय समोर बसली होती. तिने माझ्या ओठाकडे बोट केलं.

"बापनामायकच येस तुले. नाकखाल दाट."

ती नानांसारखी येते, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

दहाव्या दिवशी प्रकाशाला नदीवर न्हावी आमच्याआधी येऊन बसले होते. नानांची दाढी करणारे तेच. आता त्यांचा हात हलतो, पण वस्तरा टेकला की थांबतो. आधी माझा चुलतभाऊ बसला. डोकं झालं तसे न्हावी म्हणाले, "ऊठ. मूछ ठेव. तुन्हा बाप शे." माझे सख्खे काका, म्हणजे त्याचे वडील, घाटाच्या पायरीवर बसून हे ऐकत होते. मग मी बसलो.

डोकं भादरायला वेळ लागला. केस मांडीवरच्या पंचावर पडत होते. मग त्यांनी वाटीतलं पाणी बोटांनी माझ्या ओठावर लावलं आणि थांबले. मला वाटलं आता ते काहीतरी बोलतील. गावातल्या सगळ्यांना ती टोप्यांची गोष्ट माहीत आहे. ते वाकले, डोळे बारीक करून पाहिलं, अंगठा उलटा फिरवला. खुंटं लागली.

"शे," ते म्हणाले. "धा दिननी शे."

दोनदा वस्तरा फिरवला, झालं. पंचावर जे पडलं ते नानांच्या एका रविवारच्या कातरणाएवढंही नव्हतं. आणि तेही मी वाढवलं नव्हतं. दहा दिवस वस्तरा लावायचा नाही, या रीतीनेच ते वाढवून दिलं होतं. नाना, एवढंच आहे, असं मी मनात म्हणालो. मग पाण्यात उतरलो.

तेराव्यानंतर नवापूरला परतायला निघालो तेव्हा मायने फणी माझ्या पिशवीत टाकली. "आते ठेवशी का काढशी?" तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्या सकाळी तरी मी नेहमीसारखी दाढी केली होती, ओठासकट.

फाट्यावर आता बसायला बाक आहे. त्यावर नदीपलीकडच्या गावचे एक म्हातारे बसले होते. ओळख नव्हती. त्यांनी माझं डोकं पाहिलं, मग ओठ पाहिला.

"माय का बाप?"

"बाप."

"कव्हय?"

"पंधरा दिन व्हयनात."

बाकावरची पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली, आणि मी बसलो.