गोविंदमामांचा प्याला

वैद्यांनी खोकल्यासाठी कनकासव दिलंय. काल बाटलीचं झाकण उघडलं आणि दारूसारखा आंबूस वास आला. बायको म्हणाली, "चर्चला जाताना बडीशेप चघळा हं!" मला मात्र आमच्या चर्चमधले, कापडे गावचे गोविंदमामा आठवले.

तेव्हा मी पंचविशीतला. पुण्याहून तीन आठवड्यांचा बायबल वर्ग करून महाडला परतलो होतो, आणि आत्म्यांची पारख करण्याचं दान आपल्यालाच मिळालंय अशी माझी खात्री होती. दान कसलं, नुसतं नाक होतं ते! चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षरसाचा प्याला फिरवायचं काम माझ्याकडे होतं; तो फिरवताना मामांच्या तोंडाला वास आला. सगळ्यांदेखत मी म्हणालो, "मामा, आधी ती सोडा, मग घ्या," आणि प्याला पुढे नेला. मामा काहीतरी बोलणार होते, पण मी पुढच्या माणसापाशी पोचलोही होतो.

पुढच्या रविवारी वास नव्हता. मी ऐटीत प्याला दिला. त्यांची छाती भात्यासारखी वाजत होती, डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, हा पश्चात्ताप! मनातल्या मनात मी स्वतःची पाठही थोपटली.

बाहेर मामींनी मला गाठलं. "दमा हाय रे त्यांना. तू प्याला देनार नाय म्हणून सकाळधरनं ते वासाचं आसवाचं औषीदच घेतलं नाय."

घरात मी माझ्या सगळ्या फजित्या रंगवून सांगतो. ही तेवढी कधी सांगितली नव्हती. काल चमचा हातात धरून बायकोला सांगितली.

ती हसली नाही.