आधी बसवून दाखवा

"आधी बसवून दाखवा, मास्तर."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुठलाही माणूस उगवला, की पेंटरकाकांचं पहिलं वाक्य हेच. म्हणता म्हणता ते स्वतः स्टुलावर दोन्ही पाय वर घेऊन उकिडवे बसायचे, पेन्सिल कानावर खोचायचे आणि पडद्यावरच्या त्या माणसाला अशा नजरेनं न्याहाळायचे, की मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनीही लाजावं.

मला मास्तर म्हणणारे जगात ते एकटेच. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. शहापूरला एसटी स्टँडच्या मागे माझा कॉम्प्युटर क्लास होता, त्यात पाच कॉम्प्युटर होते आणि त्यातले चार चालायचे. काका शेणव्याच्या पलीकडच्या एका गावातून एसटीनं यायचे. त्या काळात तुम्ही शहापूर-मुरबाडकडे फिरला असाल, तर त्यांच्या हातचं काहीतरी नक्की पाहिलंय. किराणा दुकानाची पाटी, नाटकाचा पडदा, देवळाच्या भिंतीवरची देवी, यांतलं काही ना काही.

पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, फ्लेक्समुळे कामं गेलेला आणखी एक पेंटर डिझाइनच्या कोर्सची चौकशी करायला आलाय. मी माहितीपत्रक काढायला लागलो. त्यांनी ते बाजूला सारलं आणि विचारलं, "माणूस वाकवता येतो असा कॉम्प्युटर हाय का तुमच्याकडं?"

झालं होतं असं. टोकावड्याच्या एका शाळेनं नव्या सभागृहाची अख्खी भिंत त्यांना दिली होती. विषय भाताच्या आवणीचा, म्हणजे लावणीचा. नऊ बायका हव्यात. तिघी बसून रोपं उपटणाऱ्या, सहाजणी चिखलात वाकून लावणाऱ्या. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत चित्र पुरं व्हायला हवं. एरवी हे काम काकांनी हसत केलं असतं, कारण बावीस वर्षं त्यांच्या घरातच मॉडेल होतं. काकी. काकींनी लक्ष्मी होऊन कमळावर उभं राहायचं, द्रौपदी होऊन गुडघ्यांवर बसायचं, दूध डेअरीच्या पाटीसाठी कासंडी धरून बसायचं. तालुक्यातल्या निम्म्या देवींची कंबर एकच आहे, हे ओळखणारा मात्र कुणी भेटला नाही.

आणि त्या वर्षी काकींचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, उकिडवं तर अजिबात बसायचं नाही. काकी म्हणाल्या, एवढी भिंत होऊ द्या, मग बघू गुडघ्यांचं. काका नाही म्हणाले. शेजारच्या दोघींना त्यांनी अंगणात वाकवून पाहिलं. त्या एकमेकींकडे बघून हसत सुटल्या आणि दहाव्या मिनिटाला भाकऱ्या टाकायच्यात म्हणून पळाल्या. काकांचा एक जुना विद्यार्थी मुंबईला कार्टूनच्या कंपनीत होता, त्यानं काकांना सांगितलं, की हल्ली अशी सॉफ्टवेअरं निघालीत ज्यांत आयतं माणूस असतं. हात-पाय हवे तसे वळवा, हव्या त्या बाजूनं बघा.

"फोटो काढा की त्यापेक्षा," मी म्हणालो.

"फोटोत वाकलेली बाई सपाट होते. आणि मला तिला बांधावरनं बघायचीय, खालनं. फोटो काय फिरतो का?"

मग मीही पेटलो. टायपिंग शिकवून माझी बोटं आंबली होती, आणि इथे एक पन्नाशीचा माणूस असं काही मागत होता जे मी स्वतःसुद्धा पाहिलं नव्हतं. मुंबईला जाऊन मी तीन सीडी आणल्या, तीन वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांच्या, महिनाभर वापरून बघायच्या. त्या आठवड्यात क्लासच्या पोरांना मी काय शिकवलं, देव जाणे.

पहिल्या सीडीतला बाप्या तालमीतला होता. दंड, छाती, सगळं बघत राहावं असं. काका म्हणाले, बसवा. बसवला, तर त्याची पोटरी मांडीतून आरपार निघाली. काकांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, याला आधी दवाखान्यात न्या.

दुसरीत बाई होती, आणि काय बाई होती! कातडी, केस, पापण्या, पडद्यावर सावलीसुद्धा खरी पडायची. मी तर तिच्याच बाजूचा होतो. पण ती बसायची टाचा उचलून. कितीही ओढलं तरी टाच जमिनीला टेकेना. काका तिच्याकडे बराच वेळ बघत होते. "ही बसलीच नाय," ते म्हणाले. "ही उठायच्या तयारीत हाय. आमच्याकडची बाई बसली की बसली."

तिसरीतलं माणूस म्हणजे नुसती लाकडी बाहुली. नाक नाही, डोळा नाही, बोटं जोडलेली. मी ते उघडतानाच माफी मागितली. पण गुडघे वळवले, कंबर खाली घेतली आणि टाचा टेकल्या. पाठ गोल झाली, गुडघे काखांपर्यंत आले. काका स्टुलावर आणि ती पडद्यावर, दोघंही अगदी एकसारखी बसली होती.

"हीच," काका म्हणाले. "चेहरे माझ्याकडं आहेत."

त्यानंतरचे पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले फार आनंदाचे. काका सकाळच्या गाडीनं यायचे, दुपारी एकला लाइट जायची तोवर बसायचे. माउसला ते उंदीर म्हणायचे, तो हातात धरायला त्यांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ते मला हात लावू देईनात. बाहुलीवर उजेड डावीकडून टाकायचे, उजवीकडून टाकायचे, बाहुलीला फिरवून तिच्या तळव्याखालून वर बघायचे आणि स्वतःशीच हसायचे. बावीस वर्षं चितारतोय, म्हणायचे, पण ही बाजू आज बघतोय. एकेक बाई पडद्यावर जमली की खाकी कागदावर उतरवायचे आणि तिला लुगडं नेसवायचे, काष्टा घालायचे, चेहरा द्यायचे. नऊच्या नऊ उतरल्या. भिंतीवर जायच्या आधी सगळे कागद जोडून क्लासच्या फरशीवर पसरले, तेव्हा क्लासची पोरं टायपिंग सोडून भोवती उभी राहिली. मला खरंच वाटलं, या कामात माझाही हात आहे, आणि मी जरा ताठ उभा राहिलो.

त्याच दिवशी काकी आल्या. गुडघ्याच्या इंजेक्शनसाठी शहापूरला आल्या होत्या, काठी टेकत क्लासच्या दारात उभ्या राहिल्या. आपली जागा कुणी घेतली ते बघायला आले, असं हसून म्हणाल्या. मी खुर्ची दिली. त्या बसल्या आणि कागदाकडे बघत राहिल्या. कौतुक कधी करतील याची आम्ही दोघं वाट बघत होतो.

"अवो," त्या शेवटी म्हणाल्या, "या बाया लावल्याली रोपं तुडवतात."

काका वाकले. मीही वाकलो, पण मला काही कळेना. मग त्यांनी काठीनं दाखवलं. आवणी करणारी बाई मागे मागे सरकते. रोपं लावायची आणि एक पाऊल मागे यायचं. लावलेलं पुढे राहतं, मोकळा चिखल पाठीशी. आमच्या सहाही जणींचा एक पाय पुढे, लावलेल्या रोपांत पडलेला होता. बाहुलीला वाकवताना ती तोंडावर पडू नये म्हणून सॉफ्टवेअर आपणहून तिचा पाय पुढे टाकायचं, आणि काकांनी ते तसंच उतरवलं होतं. स्वतः भातशेतीवाल्या घरातला माणूस! कागदावर लावलेल्या रोपांच्या ओळी त्यांनी बरोबर पुढे काढल्या होत्या. बायका त्या ओळींवर चालून निघाल्या होत्या.

काकांचा चेहरा उतरला. शाळा उघडायला बारा दिवस होते. "बसवून पाहिलं," ते म्हणाले, "चालवून नाय पाहिलं."

काकी काठी टेकून उठायला लागल्या. "चला, मी दाखवते. एकदाच."

"तू खाली बस गो," काका म्हणाले. आवाज इतका चढला, की पोरं मागे सरली. कधी नव्हे ते मी मध्ये पडलो. काकींची खुर्ची सरळ पडद्यासमोर ओढली आणि म्हणालो, "काकी, तुम्ही नुसतं सांगा. वाकायचं काम ही करेल."

पाऊण तासात लाइट जाणार होती. काकांनी उंदीर धरला. काकी सुरुवातीला बिचकल्या. बावीस वर्षं त्यांना हलू नको एवढंच सांगितलं गेलं होतं, त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. मग हळूहळू सुटल्या. पाय मागं घ्या. अजून. टाच नको, आधी चवडा. चिखलात मागं जाताना चवड्यानं चाचपायचं असतं. भार कुठं, काकांनी विचारलं. "पुढच्याच पायावर. मागचा नुसता जागा शोधतो." कोपर मांडीला टेकवा, दिवसभर हात तसाच कोण धरील? काका एकेक सांधा वळवत गेले आणि ती बिनचेहऱ्याची बाहुली आमच्या डोळ्यांदेखत चिखलात उतरली. तिथे चिखल नव्हता, पण मी शपथेवर सांगतो, तो दिसत होता.

काकांनी तिला सावकाश फिरवलं. बाजूनं, पाठीमागून, खालून. काकी बघत होत्या. मग त्यांनी हळूच विचारलं, "मी अशी दिसायची?"

"तू बरी दिसायचीस," काका म्हणाले.

मी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागलो.

पुढचे दिवस काकी रोज आल्या. सहाही जणी नव्यानं झाल्या आणि काका ते कागद गुंडाळून टोकावड्याला गेले. उद्घाटनाला मला बोलावलं होतं, पण नेमकी क्लासची परीक्षा आली. जाऊ, जाऊ म्हणत राहिलो. काका पुढे चारेक वर्षं येत राहिले, देवीपासून लेझीमवाल्यांपर्यंत सगळ्यांना त्या बाहुलीकडून वाकवून घेत राहिले. एका उन्हाळ्यात त्यांना पक्षाघात झाला आणि आठवड्याभरात ते गेले. त्यांचं स्टूल मी बरेच दिवस कुणाला बसायला दिलं नाही.

ती भिंत मी पाहिली त्यानंतर, माळशेजकडे जाताना. शाळेला सुट्टी होती. शिपायानं सभागृह उघडून दिलं. आभाळ भरून आलेलं, खाली चिखल, आणि त्या बायका मागे मागे सरकत माझ्याच अंगावर येत होत्या. मी मोजल्या. दहा भरल्या.

"नऊच ठरल्या व्हत्या," शिपाई म्हणाला. "धावी त्यांनी कुणाला न विचारता काढली. हेडसर म्हणाले, ही काम का करत नाय? तर पेंटरकाका म्हणाले, ही सांगते तसं तर चाललंय सगळं."

दहावी बांधावर बसली आहे. उकिडवी नाही, दोन्ही पाय सरळ लांब पसरून, एक हात वर करून, तोंड उघडं, कुणाला तरी चूक दाखवत. बाकी सगळ्या चित्रात ढगांचा काळोख आहे. ऊन एकाच ठिकाणी पडलंय, तिच्या गुडघ्यांवर.